झेंडा पळवण्याच्या खेळाची कुळकथा

संगणकात घुसण्याचा सराव आज खेळाच्या रूपात चालत असला, तरी त्याचे मूळ लष्करी आहे. अमेरिकी हवाई दलासाठी पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी ‘मल्टिक्स’ या प्रणालीवर मुद्दाम हल्ले करून तिच्यातल्या फटी १९७४ साली अहवालात मांडल्या. त्याचा खेळ झाला लास वेगासला. तिथल्या डेफकॉन या हॅकरांच्या मेळाव्यात १९९६ साली ‘कॅप्चर द फ्लॅग’ स्पर्धा सुरू झाली. पुढे जोव्हानी विन्या यांनी सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वर्गापुरता घेतलेला सराव २००३ मध्ये आंतरविद्यापीठीय झाला. भारतात अमृता विद्यापीठाची इनसीटीएफ ही अशीच स्पर्धा २०१० ची.

खेळाच्या हल्ला-बचाव प्रकारात प्रत्येक संघाला एकसारखाच सर्व्हर मिळतो, त्यातल्या कच्च्या जागाही त्याच. आयोजकांचा संगणक ठरावीक वेळाने त्यात एक गुप्त अक्षरमाला ठेवून जातो, तोच झेंडा. दुसऱ्याचा पळवायचा, आपला राखायचा. शिवाय आपल्या सेवा चालू ठेवायच्या. घाबरून सर्व्हरच बंद करणाऱ्याचे गुण जातात. या खेळातली सर्वांत शहाणी अट हीच. वीजकेंद्रालाही हल्ल्याच्या धास्तीने कुलूप लावता येत नाही.

कोयनानगरला हे दूरचे वाटायला नको. तिथल्या कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट, आणि संध्याकाळची वाढती मागणी भागवायला महाराष्ट्र त्याच्याकडे पाहतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली; पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय मांडला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटले. संगणकावरून यंत्र मोडता येते, हे मात्र अमेरिकेतल्या आयडाहो प्रयोगशाळेने २००७ मध्येच दाखवले होते: नुसत्या आज्ञा पाठवून ब्रेकर भलत्या क्षणी उघडमिट केला आणि डिझेल जनरेटर निकामी झाला.

म्हणून चालत्या यंत्रणेवर सराव नाही. कायदाही कडक आहे: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७० नुसार ‘संरक्षित’ घोषित प्रणालीत बेकायदा शिरण्याच्या प्रयत्नालाही दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे सराव बंदिस्त जाळ्यातच होतो, तालमीतल्या कुस्तीसारखा. सुरुवातीला दोन जुने लॅपटॉप, एक स्विच आणि ‘मेटास्प्लॉइटेबल’सारखी मुद्दाम कच्ची ठेवलेली प्रणाली पुरते. इंटरनेटची वायर मात्र आधी काढावी. अशी कच्ची प्रणाली बाहेरच्यालाही तितकीच सोपी असते.