शास्त्र्यांच्या व्यवस्थेपासून कुटुंब न्यायालयापर्यंत

वकिलाची सनद एकदाच मिळते. परंतु विवाह, दत्तक, वाटणी आणि वारसा यांच्या कज्ज्यांत ज्याला अशिलाच्या वतीने उभे राहावयाचे आहे, त्याचे अध्ययन त्या सनदेपाशी संपत नाही, आणि तसे ते संपू न देणे हाच त्याचा प्रथम धर्म होय, असे मुंबई इलाख्याचा इतिहास सांगतो.

एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत 1827 मध्ये झालेल्या चौथ्या रेग्युलेशनाने असे ठरविले की, सरकारी कायदा नसेल तेथे देशातील वहिवाट, वहिवाट नसेल तेथे प्रतिवादीचा कायदा आणि तोही नसेल तेथे न्याय व सदसद्विवेक प्रमाण मानावा. या क्रमात वहिवाटीला शास्त्राच्या आधी स्थान मिळाले होते. म्हणूनच आर्थर स्टील याने दक्षिणेतील जातीजातींच्या चालीरीती सरकारी आज्ञेने संकलित केल्या, तेव्हा पोथीत ज्यांना फारसे स्थान नव्हते त्या पाट आणि सोडचिठ्ठीसारख्या रूढीही दप्तरात नोंदल्या गेल्या. अदालतींच्या पदरी शास्त्री असत. न्यायाधीशाने प्रश्न लिहून पाठवावा आणि शास्त्र्यांनी मिताक्षरा किंवा व्यवहारमयूख यांतील आधार देऊन आपली व्यवस्था कळवावी, अशी रीत होती.

1864 च्या कायद्याने ही शास्त्र्यांची नेमणूक बंद झाली. शास्त्री गेले तरी प्रश्न उरलेच, आणि ते सोडविण्याचा भार वकिलांवर व न्यायाधीशांवर येऊन पडला. रेमंड वेस्ट आणि गेओर्ग ब्यूलर यांनी निरनिराळ्या अदालतींतील शास्त्र्यांच्या उत्तरांचा संग्रह 1867 पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. विश्वनाथ नारायण मंडलीक यांनी चालू वकिली सांभाळून 1880 मध्ये याज्ञवल्क्यस्मृती आणि व्यवहारमयूख यांचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. दरम्यान 1868 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, स्पष्टपणे शाबीत झालेली रूढी लिखित वचनाहून बलवत्तर ठरते, असा निर्णय दिला होता. त्यामुळे वकिलाला पोथी, रूढीचा पुरावा आणि वरिष्ठ न्यायालयांच्या नजिरा या तिन्हींवर एकाच वेळी लक्ष ठेवणे भाग पडले.

हे लक्ष ढळल्यास काय होते, हे विधवेच्या दत्तकाधिकाराच्या प्रश्नावरून समजते. पैठणहून काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने आपल्या मयूखात, पतीची अनुज्ञा पाहिजे हा निर्बंध पती हयात असलेल्या स्त्रीलाच लागू आहे, असा अर्थ लावला होता. त्यामुळे बंगालात पतीची परवानगी आणि मद्रासेत ती नसल्यास सपिंडांची संमती लागत असताना, मुंबई इलाख्यातील विधवा सामान्यतः स्वतःच्या अधिकाराने दत्तक घेऊ शकत असे. परंतु 1879 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने, अविभक्त कुटुंबातील विधवेला पतीच्या अनुज्ञेवाचून अथवा भाऊबंदांच्या संमतीवाचून हा अधिकार नाही, असा फैसला दिला, आणि प्रिव्ही कौन्सिलने तो 1932 मध्ये रद्द ठरवीपर्यंत अर्धशतकाहून अधिक काळ तोच प्रमाण राहिला. 1931 मध्ये अचूक असलेला सल्ला 1933 मध्ये त्याच शब्दांत देणारा वकील आपल्या अशील विधवेचा हक्कच बुडवीत होता. पुढे 1956 च्या कायद्याने हा सगळा वादच निराळ्या पायावर नेला: विधवा स्वतःसाठी दत्तक घेऊ लागली, मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, आणि दत्तकामुळे पूर्वी दुसऱ्याकडे गेलेली मिळकत परत ओढून आणण्याची वाट बंद झाली.

हे परिवर्तन घडविण्यात कायद्याचे अध्यापकही सहभागी होते. पुण्याच्या लॉ कॉलेजचे प्राचार्य ज. र. घारपुरे हे हिंदू कायद्याचा मसुदा तयार करणाऱ्या राव समितीचे सभासद होते. मुंबई सरकारने तर 1946 मध्ये द्विभार्याप्रतिबंधाचा आणि 1947 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा करून पुढील केंद्रीय कायद्यांच्या आधीच पाऊल टाकले होते. हायकोर्टात वकिली करणारे पांडुरंग वामन काणे यांनी 1926 मध्ये व्यवहारमयूखाची आवृत्ती काढली. तिच्या प्रस्तावनेसाठी योजलेल्या इतिहासाचा विस्तार होत होत 1930 ते 1962 या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड निर्माण झाले. व्यवसायाच्या गरजेतून आरंभलेले अध्ययन केवढ्या उंचीला पोचू शकते, याचे याहून थोर उदाहरण मला ठाऊक नाही.

1984 च्या कायद्याने कुटुंब न्यायालये निर्माण झाली, तेव्हा समेटाचा प्रयत्न हे न्यायाधीशाचे कर्तव्य ठरले आणि वकिलामार्फत बाजू मांडण्याचा पक्षकाराचा हक्क मर्यादित झाला. तेव्हापासून या क्षेत्रातील वकिलाला प्रतिपक्षाचा युक्तिवाद खोडून काढण्याच्या विद्येबरोबर दोघांचे म्हणणे ऐकून घेण्याची विद्याही शिकावी लागते. इतर व्यवहारांतील शिळ्या ज्ञानाची किंमत बहुधा पैशांत भरून येते. येथे मात्र ती पत्नीच्या पोटगीतून, अपत्याच्या ताब्यातून आणि विधवेच्या घरातून वसूल होते. यास्तव कुटुंबाच्या कायद्याचे चालू अध्ययन वकिलाच्या सवडीवर न सोडता, वकीलमंडळांनी आणि विधिमहाविद्यालयांनी त्याची नियमित व्यवस्था करावी, आणि त्या अध्ययनात नव्या कायद्यांच्या कलमांबरोबरच लोकांची वहिवाट विचारून घेण्याच्या जुन्या शिस्तीलाही जागा द्यावी, हेच या इतिहासाचे मागणे आहे.