खो कथेचे वेळापत्रक का कोसळते

चारसहा जणांनी मिळून ऑनलाइन लिहायला घेतलेली क्रमशः कथा बंद कशी पडते, याचा क्रम ठरलेला आहे. पहिले चार भाग दर रविवारी येतात, पाचवा बुधवारवर जातो, सहाव्याला तीन आठवडे लागतात आणि सातवा येतच नाही. मग ज्याच्याकडे सातवा भाग होता त्याच्यावर खापर फुटते. त्याने शब्द पाळला नाही, असे बाकीचे म्हणतात. मला हे निदान चुकीचे वाटते. नियमितपणाचा संबंध लेखकांच्या स्वभावाशी थोडा आणि कथेच्या वाटणीशी फार मोठा आहे. कोणाचा भाग कोणाच्या भागावर अवलंबून आहे, एवढे ठरले की कथा वेळेवर येईल की नाही हेही बरेचसे ठरून जाते.

या दृष्टीने सामूहिक कथेचे तीन प्रकार पडतात. पहिला खो कथेचा: एकाने भाग लिहायचा आणि पुढच्याला खो द्यायचा. दुसरा समाईक विश्वाचा: गाव, माणसे, नियम सर्वांचे, पण प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र. तिसऱ्यात सगळे मिळून आधी आराखडा करतात आणि मग भाग वाटून घेतात, मालिकांचे पटकथाकार करतात तसे.

खो कथेचे गणित आधी मांडू. समजा, बारा जणांनी प्रत्येकी एक प्रकरण लिहायचे आहे आणि प्रत्येक जण दहापैकी नऊ वेळा मजकूर वेळेवर देणारा आहे. अशी बारा माणसे एकत्र मिळणे हेच मोठे भाग्य. तरीही बाराही प्रकरणे वेळेवर येण्याची शक्यता ०.९ चा बारावा घात, म्हणजे सुमारे २८ टक्केच भरते. शिस्तीच्या माणसांच्या हातूनसुद्धा चारपैकी जवळजवळ तीन कथा कुठेतरी अडणार. शिवाय उशीर पुढे सरकतो, वाचलेला वेळ सरकत नाही. एखाद्याचे प्रकरण तीन दिवस आधी झाले तरी तो मुदतीच्या दिवसापर्यंत त्यावर हात फिरवत बसतो. आधी दिलेच, तर पुढचा ते आपल्या तारखेपर्यंत उघडत नाही. एलियाहू गोल्डरॅट यांनी ‘क्रिटिकल चेन’ (१९९७) या पुस्तकात प्रकल्पांच्या वेळापत्रकाचा हाच रोग सांगितला आणि त्यावर उपायही दिला: प्रत्येक टप्प्यात दडलेली सवलत काढून घ्यावी आणि ती एकत्र करून साखळीच्या शेवटी ठेवावी. आपल्या बारा जणांना चौदा-चौदा दिवस देण्याऐवजी दहा-दहा द्यावेत. उरलेले ४८ दिवस सर्वांच्या मालकीचे. ज्याची अडचण खरी, त्याने त्यातून उचलावे.

खो कथेचा सर्वांत प्रसिद्ध छापील नमुना १९३१ चा आहे. लंडनच्या डिटेक्शन क्लबच्या सभासदांनी ‘द फ्लोटिंग अ‍ॅडमिरल’ ही रहस्यकथा प्रकरणागणिक लेखक बदलत लिहिली. अगाथा ख्रिस्ती, डोरोथी सेयर्स, रोनाल्ड नॉक्स ही मंडळी त्यात होती, उपोद्घात जी. के. चेस्टरटन यांचा. आधीच्यांनी घातलेला एकही पेच डावलायचा नाही, असा एक नियम होता. दुसरा असा की, आपले प्रकरण लिहिताना खुनाचे निश्चित उत्तर लेखकाच्या मनात असलेच पाहिजे. लेखकांनी लिहून दिलेली अशी उत्तरे पुस्तकाच्या शेवटी छापलेली आहेत. हा नियम वाचकाची फसवणूक होऊ नये म्हणून केलेला असला, तरी वेळापत्रकालाही तो मोठा आधार आहे. मुदत चुकवणारा लेखक बहुतेक वेळा वाक्यांपाशी अडलेला नसतो, ‘पुढे काय?’ या प्रश्नापाशी अडलेला असतो. स्वतःपुरता का होईना, शेवट हाती असला की हात चालतो. मात्र सगळ्यांचे पेच सोडवण्याचा भार शेवटच्या गड्यावर येतो. इथे तो अँथनी बर्कली यांच्यावर आला आणि त्यांच्या प्रकरणाचे शीर्षकच ‘पसारा आवरणे’ अशा अर्थाचे आहे. खो कथेत शेवटच्या लेखकाला इतरांइतकेच दिवस देणे हा अन्याय आहे.

पाळी अजिबात नसेल तर काय होते, हे ‘अ मिलियन पेंग्विन्स’ने दाखवले. पेंग्विन प्रकाशन आणि लेस्टरचे डी मॉन्टफोर्ट विद्यापीठ यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये विकीवर एक कादंबरी मांडली. कोणीही यावे, लिहावे, दुसऱ्याचे खोडावे. पाच आठवड्यांनी ती थांबवली. मजकूर उदंड आला, एकसंध कादंबरी झाली नाही. वेळापत्रक पाळायचे तर ‘भाग’ नावाची, एकदा मिटली की मिटली अशी वस्तू हाती असावी लागते.

समाईक विश्वाचे उत्तम उदाहरण म्हणजे एससीपी फाउंडेशन, आणि त्याच्याकडे जरा जवळून पाहावे. २००७ मध्ये कोणा एकाने ‘एससीपी-१७३’ नावाची एक छोटी भयकथा लिहिली. एका गुप्त संस्थेने कोंडून ठेवलेल्या विचित्र वस्तूची ती सरकारी थाटाची नोंद होती. पुढच्याच वर्षी अशा नोंदींसाठी विकी उभा राहिला आणि आज नोंदींचे क्रमांक आठ हजारांच्या पुढे गेले आहेत. इथे कोणालाही मुदत नाही, तरी मजकुराचा ओघ आटत नाही. याचे कारण रचनेत आहे. प्रत्येक नोंद एका बैठकीत वाचून होते. तिला सुरुवात-शेवट स्वतःचा असतो. आणि अधिकृत कथानक असे काही नसल्यामुळे कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही. एकाचा कंटाळा दुसऱ्याला बाधत नाही. बारा जणांपैकी तिघे गळाले तर खो कथा तीन ठिकाणी तुटते, इथे फक्त तीन नोंदी कमी होतात. दर्जाची चाळणी वाचकांच्या मतांनी लागते: नोंदीचे गुण उणे दहापर्यंत घसरले की ती काढून टाकण्याच्या यादीत जाते. ताल मात्र मुद्दाम निर्माण केलेला आहे. दर हजाराव्या क्रमांकासाठी स्पर्धा होते, तिला विषय आणि शेवटची तारीख असते, आणि त्या दिवसांत सुस्त लेखकही जागे होतात. आपल्याकडे दिवाळी अंकाची तारीख लेखकांकडून जे काम करून घेते, तेच ही तारीख करते.

या रचनेला किंमत मोजावी लागते. ‘पुढे काय झाले’ ही ओढ तिथे फार थोडी. नायिका पहिल्या भागात घर सोडते आणि विसाव्यात परतते, असा प्रवास हजार सुट्या नोंदींतून उभा राहत नाही. तो हवा असेल तर तिसऱ्या प्रकाराकडेच यावे लागते, आणि नियमितपणाचा खरा कस तिथे लागतो.

‘सीरियल बॉक्स’ या अमेरिकी उपक्रमाने २०१५ मध्ये ‘बुकबर्नर्स’ ही कादंबरी आठवड्याला एक भाग या गतीने दिली. मॅक्स ग्लॅडस्टन यांच्यासह चार लेखक होते आणि पहिल्या पर्वाचे भाग सोळा. लेखकांनी पर्वाचा आराखडा एकत्र केला होता. आराखडा असला की दोन लेखक एकाच वेळी चौथा आणि सातवा भाग लिहू शकतात. साखळीचे दुवे शेजारी-शेजारी घडतात. हा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. पर्व संपले की विसावा असतो, आणि तो जाहीर केलेला असतो.

आता साठ्याविषयी. मराठी मालिकांच्या सेटवर ‘बँक’ हा रोजचा शब्द आहे: चित्रित होऊन पडलेले, अजून न दाखवलेले भाग. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण थांबले तेव्हा ही बँक थोड्याच दिवसांत आटली आणि वाहिन्यांवर जुने भाग फिरू लागले. हौशी मंडळींकडे तर बँक नसतेच. लिहून झाले की उत्साहाच्या भरात लगेच प्रसिद्ध. हिशेब करून पाहा. आठवड्याला एक भाग द्यायचा आहे आणि पाच आठवड्यांत चारच भाग हाती येतात, असे धरू. साठा दर पाच आठवड्यांना एका भागाने घटेल, म्हणजे सहा भागांची शिल्लक सरासरीने तीस आठवडे पुरेल. तेव्हा बारा ते सोळा भागांचे पर्व करून थांबले तर मंडळी सुरक्षित राहतात, आणि पाच आठवड्यांच्या विसाव्यात चार भाग पुन्हा जमतात. जितके लिहून होते तितकेच दर आठवड्याला प्रसिद्ध करणाऱ्या गटाला मात्र एकदा पडलेले खिंडार कधीच बुजवता येत नाही, कारण भरून काढायला शिल्लक उरतच नाही.

पाळी बदलण्याची रीतही नीट बसवावी लागते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. पहाऱ्यांची यादी आधी लागलेली असते, आणि पुढच्याने वीणा हाती घेतल्याशिवाय आधीचा ती सोडत नाही. कथेतही पुढच्या लेखकाला आधीच्याचा कच्चा मसुदा दोन दिवस अगोदर मिळाला पाहिजे. कोणती पात्रे कुठे आहेत, कोणाला काय ठाऊक आहे, कोणते वचन अजून फिटायचे आहे, याची एक सामाईक नोंदवही हवी. ती सांभाळणारा संपादक एकच असावा, आणि भाग छोटा करण्याचा, क्रम बदलण्याचा, मुदत टळल्यास पाळी दुसऱ्याला देण्याचा अधिकार त्याला सर्वांनी आधीच दिलेला असावा. अडचण उभी राहिल्यावर तो अधिकार मागितला तर भांडणेच होतात.

मराठी लेखक आज पुणे, नागपूर, पणजी आणि न्यू जर्सीत विखुरलेले आहेत. ‘रविवारी रात्री बारापर्यंत’ ही मुदत न्यू जर्सीत संपते तेव्हा पुण्यात सोमवारी सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरात तिथली घड्याळे मागे गेली की साडेदहा. मुदत एकाच घड्याळाने लावावी. गणपती, दिवाळी, वार्षिक परीक्षा आणि मार्चअखेर हे आठवडे पहिल्या दिवशीच रिकामे सोडावेत. ते येणार हे सर्वांना ठाऊक असते, तरी यादीत कोणी धरत नाही.

एवढे करूनही कधी खंड पडतो. मे १८३७ मध्ये मेहुणी मेरी होगार्थ वारली आणि डिकन्स यांना पुढच्या महिन्याचा ‘पिकविक पेपर्स’चा भाग लिहिता आला नाही. तो अंक निघालाच नाही. जुलैत निघालेल्या भागासोबत त्यांनी कारण वाचकांपुढे मांडले, आणि वाचक टिकून राहिले. वाचक खंड सोसतो. त्याला कोणीच काही सांगत नाही, हे मात्र त्याला सोसत नाही, आणि तो न बोलता निघून जातो.

येत्या दिवाळीला अशी कथा सुरू करण्याचा बेत असलेल्या मंडळींना माझी विनंती आहे: सहा भाग पूर्ण होऊन संपादकाच्या हाती पडेपर्यंत पहिला भाग कोणालाही दाखवू नका.