खर्ऱ्याच्या मुद्रेची कुळकथा

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला अडविणाऱ्या ज्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, त्या गोसीखुर्दच्या परिसरात, किंबहुना अवघ्या पूर्व विदर्भात, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेला खर्रा कोणत्याही पानठेल्यावर मिळतो. गाल आणि हिरडी यांच्यामधील खोबणीत तो तासन्‌तास धरला जातो. आणि नेमक्या त्याच जागी कर्करोग उद्भवला म्हणजे कोणी त्याला पूर्वसंचित म्हणतो, कोणी घराण्याचा वारसा. दोष कुळाचा की पुडीचा, याचा निवाडा करणारा पुरावा कसा उभा राहिला, हा वृत्तान्त खर्रा खाणाऱ्या प्रत्येक घरी पोहोचावा, अशी माझी कळकळ आहे.

मुळात तंबाखू हीच परदेशी वनस्पती. अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती दक्षिणेत आली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगाने विजापुराहून ती अकबराच्या दरबारात नेली. पान-तंबाखू आणि मुखरोग यांचा संबंध त्रावणकोरात १९३३ साली ऑर यांनी दाखविला. पुढे मुंबईत, १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी मुखकर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा घेऊन १९४४ साली तो प्रसिद्ध केला. अशा गणनेने संशयित निश्चित झाला. परंतु पेशीच्या अंतरंगात तो नेमके काय करतो, हे गणनेला दिसणे शक्य नव्हते.

ते दिसू लागले जनुकसंचाचे वाचन साध्य झाल्यावर. मानवी जनुकसंच म्हणजे सुमारे ३०० कोटी अक्षरांची संहिता. एकाच रुग्णाच्या गाठीतील संहिता त्याच्याच रक्तातील संहितेशी ताडून पाहिली, की जन्मतः लाभलेले कोणते आणि गाठीत मागाहून घडलेले कोणते, हे वेगळे करता येते. २००८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच संघात भारताने हिरडी-गालाच्या कर्करोगाची जबाबदारी पत्करली. खारघरचे ॲक्ट्रेक, म्हणजे १९५२ साली खानोलकरांच्या संचालकत्वाखाली सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राचा आजचा वारस, आणि बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून ५० रुग्णांच्या गाठींतील प्रथिने घडविणारा अंश वाचला, आणखी ६० रुग्णांत निष्कर्ष पडताळले, व २०१३ साली टीपी५३ सारख्या परिचित जनुकांबरोबर यूएसपी९एक्स, एआरआयडी२ इत्यादी नव्या जनुकांतील बिघाडांची नोंद प्रसिद्ध केली.

त्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्ट्रॅटन आणि अलेक्झांड्रोव्ह यांनी दाखविले की असे बदल वाटेल तसे विखुरलेले नसतात. कोणते अक्षर कशात बदलले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कोणती अक्षरे होती, यांवरून ९६ प्रकार मोजले, तर प्रत्येक कारणाची स्वतंत्र मुद्रा उमटलेली दिसते: उन्हातील अतिनील किरणांची वेगळी, विडी-सिगारेटच्या धुराची वेगळी. तलाठ्याच्या दप्तरातील फेरफारावरून जमीन कोणत्या व्यवहाराने हस्तांतरित झाली हे जसे उमगते, तसे या मुद्रांवरून पेशीवर कोणी हात टाकला ते उमगू लागले. हिरडी-गालाच्या कर्करोगांत एक मुद्रा सापडली, तिला २९ हा क्रमांक मिळाला. ‘सी’ अक्षराच्या जागी ‘ए’ येणे हे तिचे मुख्य लक्षण, धुराच्या मुद्रेहून तिची ठेवण निराळी, आणि तिचे कारण म्हणून शास्त्रज्ञ तंबाखू चघळण्याच्या सवयीकडे बोट दाखवितात.

प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत आनुवंशिकतेचा अंश शून्य असतो, असा याचा अर्थ नव्हे. तथापि जी मुद्रा गाठीत आहे आणि त्याच माणसाच्या रक्तात नाही, ती बापजाद्यांकडून आलेली नसते. ती हयातीत, सवयीने, एकेका पुडीगणिक कमावलेली असते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. परंतु गावच्या ठेल्यावर हाताने घोटल्या जाणाऱ्या खर्ऱ्याला आळा घालायचा, तर घरच्यांनाच पुढे यावे लागेल. गालात पांढरा चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर नशिबाला बोल न लावता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि पुडी कायमची टाकावी. कारण जे आपण जन्मतः घेऊन आलो नाही, ते आपल्या लेकरांच्या पदरी न पडू देणे हे आपल्याच हाती आहे.