नेफ्रोटिक सिंड्रोम : बालकांतील विषाणुजन्य श्वसनसंसर्ग

मूत्रपिंडातील गाळणी बिघडून लघवीवाटे प्रथिने वाहून जाणे, रक्तातील अल्ब्युमिन घटणे आणि अंगावर सूज चढणे, या लक्षणसमूहाला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. दर लाख बालकांमागे वर्षाला सुमारे २ ते ७ नवे रुग्ण आढळतात; दक्षिण आशियाई मुलांत प्रमाण अधिक असते. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने बहुतेक मुलांची सूज उतरते, पण आजार पुनःपुन्हा उलटतो. उलटण्याच्या जवळपास निम्म्या प्रसंगांआधी सर्दी-खोकला झालेला असतो.

या मुलांत संसर्ग बळावण्याची कारणे दोन. अल्ब्युमिनबरोबर इम्युनोग्लोब्युलिन जी हे संरक्षक प्रथिनही लघवीतून निघून जाते. शिवाय स्टेरॉइड, सायक्लोफॉस्फामाइड, रिटुक्सिमॅब यांसारखी औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. त्यामुळे इन्फ्लुएंझापाठोपाठ न्यूमोकोकस या जिवाणूचा न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो, आणि कांजिण्यांचा विषाणू फुप्फुसांत उतरला तर जिवावर बेतते. धाप लागली की केवळ न्यूमोनिया गृहीत धरणे घातक ठरू शकते : कधी फुप्फुसावरणात पाणी साचलेले असते, कधी रक्ताची गुठळी फुप्फुसात अडकलेली असते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या मुलाच्या, शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी मंदावलेल्या असतात. म्हणून तापात औषध अचानक बंद करू नये, गंभीर आजारात तर मात्रा वाढवावी लागते. आयबुप्रोफेन टाळावे, तापासाठी पॅरासिटामॉल द्यावे.

सर्दी सुरू होताच काही दिवस रोज स्टेरॉइड दिल्यास आजार उलटणे टळते का, यावर मतभेद राहिले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील २०११ च्या चाचणीत, वारंवार आजार उलटणाऱ्या १०० मुलांत, लाभ दिसला. ब्रिटनमधील ३६५ मुलांच्या ‘प्रेडनॉस २’ चाचणीत (२०२२) तो दिसला नाही. स्टेरॉइडने उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात. हे पाहता प्रत्येक सर्दीला मात्रा वाढवण्याची सरसकट सवय समर्थनीय वाटत नाही. त्यापेक्षा आईवडिलांनी घरी पट्टीने रोज सकाळची लघवी तपासून वहीत नोंद ठेवणे कितीतरी मोलाचे. सलग तीन दिवस प्रथिनांची नोंद ३+ आली, तर आजार उलटला असे मानून डॉक्टरांना कळवायचे.

विषाणूचा परिणाम नेहमी एकाच दिशेने होतो असेही नाही. गोवर आल्यावर काही मुलांची सूज उतरते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदले गेले होते. १९७४ मध्ये शालहूब या संशोधकांनी ‘लॅन्सेट’मध्ये हा आजार टी-पेशींच्या बिघाडातून उद्भवतो असे मांडले, तेव्हा हे निरीक्षण त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार होते.

प्रतिबंधासाठी इन्फ्लुएंझाची निष्क्रिय लस दरवर्षी द्यावी, न्यूमोकोकसची लसही द्यावी. कांजिण्यांची किंवा गोवराची जिवंत लस मोठ्या मात्रेतील स्टेरॉइड चालू असताना देत नाहीत. ती आजार शमलेला असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. घरातल्या इतरांनीही आपल्या लसी पूर्ण कराव्यात. कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण संरक्षक इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो ९६ तासांच्या आत टोचायचे असते.