सोपारा : जिथे धान्याची गलबतं आली



सुट्टी आली की घरात एकच घोष सुरू होतो, 'कुठेतरी समुद्राकडे जाऊया.' मुलांना रिसॉर्ट हवं असतं, पुरुषांना झोप हवी असते आणि आपल्याला दोन दिवस गॅससमोर उभं राहायचं नसतं. तिघांचंही खरं आहे. पण मुंबईच्या इतक्या जवळ, लोकल ट्रेनने पोचता येईल असं एक जुनं बंदर आहे, जिथे आपल्या धर्माच्या इतिहासातली एक फार मोठी गोष्ट घडली, आणि तीही एका बाईच्या स्वयंपाकघरात. ते गाव म्हणजे सोपारा. आज आपण त्याला नालासोपारा म्हणतो, आणि नाव काढलं की गर्दीची लोकल आठवते!

यंदा पौषात आम्ही जावा-नणंदा मिळून दोन दिवस त्या भागात राहिलो. सोपारा, आगाशी, अर्नाळ्याचा किनारा आणि परतताना वसईचा किल्ला. त्याबद्दल लिहिते आहे, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा काय बघायचं ते आधीच मनात असेल. कारण खरं सांगायचं तर सोपाऱ्यात डोळ्यांना दिसण्यासारखं थोडंच उरलं आहे. माहिती नसेल तर माणूस दहा मिनिटांत परत फिरेल.

दोन हजार वर्षांपूर्वी हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. महाभारतात त्याचं नाव शूर्पारक. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या उषवदाताच्या शिलालेखात सोपाऱ्याचं नाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची माहितीवही लिहिली, 'पेरिप्लस' म्हणून ती प्रसिद्ध आहे. तीत भडोचच्या खाली येणाऱ्या बंदरांत 'सुप्पारा' आणि 'कल्लिएना' म्हणजे आपलं कल्याण, अशी नावं येतात. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, समुद्र लांब गेला आणि बंदराचं गाव झालं. आता त्या गावाभोवती उंच इमारती आहेत.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे उत्खनन केलं. ते मूळ जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करून तयार झालेले. 'बुरूड राजाचा कोट' म्हणून लोक ज्या टेकाडाला ओळखत, तो बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी पेटी होती. तिच्यात बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती आणि एकात एक ठेवलेले करंडक होते : तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे तुकडे. हे तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून पूजले गेले असावेत, असं भगवानलालजींनी मांडलं. हा सगळा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

हे वाचल्यावर मी थोडी थांबले. सोन्याच्या डबीत माणसं काय ठेवतात? हिरे, माणकं. इथे ठेवलं होतं मातीच्या भांड्याचं खापर! आपल्याकडे साधू-साध्वीजी गोचरीला येतात तेव्हा त्यांच्या हातातल्या लाकडी पात्राकडे आपण ज्या भावनेने बघतो, तीच ही भावना. श्रमणाचं पात्र ही मोठी गोष्ट आहे, हे या बंदरातल्या माणसांना, मग ती कुठल्याही पंथाची असोत, माहीत होतं.

सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या लेखांचे तुकडेही मिळाले. पहिला १८८२ मध्ये मिळाला, तो त्याच्या आठव्या शिलालेखाचा. दुसरा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला मिळाला, तो नवव्या लेखाचा. दोन्ही लेखांचा पूर्ण मजकूर इतर ठिकाणच्या प्रतींवरून माहीत आहे, आणि दोन्ही आपल्याला लागू पडतात.

आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. म्हणजे शिकार आणि मौजमजा, आजच्या भाषेत पिकनिकच. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याने धर्मयात्रा सुरू केली. श्रमण-ब्राह्मणांचं दर्शन, दान, वृद्धांची भेट, गावोगावच्या लोकांशी बोलणं. यातच त्याला अधिक आनंद मिळू लागला, असं तो म्हणतो. सहलीला निघालेल्या माणसाने वाचावा असाच लेख, आणि तोही समुद्रकाठच्या गावात सापडलेला!

नववा लेख मात्र वाचताना भुवया उंचावतात. त्यात आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, आणि बायका तर पुष्कळ क्षुल्लक, निरर्थक विधी करतात, असं सम्राटाने कोरून ठेवलं आहे. खरा मंगल विधी कोणता, तर नोकरचाकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान, प्राण्यांविषयी संयम आणि श्रमणांना दान.

दृष्ट काढणं, धागे बांधणं यात आपला किती वेळ जातो हे आपण जाणतोच, तेव्हा सम्राटाचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याने जी खरी मंगल कृत्यं म्हणून यादी दिली, ती रोजच्या रोज कोण करत होतं? श्रमणाला आहार देणारे हात कोणाचे होते? त्याच सोपाऱ्यात, आपल्या परंपरेप्रमाणे अशोकानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, ईश्वरी नावाची एक श्राविका होऊन गेली. तिची गोष्ट हेच त्याचं उत्तर आहे.

आर्य वज्रस्वामींच्या काळात बारा वर्षांचा दुष्काळ पडला. वज्रस्वामींनी अनशन करण्याआधी आपले शिष्य वज्रसेन यांना सांगितलं होतं की ज्या दिवशी एक लाख मोलाच्या अन्नाची भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल असं समज.

वज्रसेन विहार करत सोपाऱ्याला आले. तिथे जिनदत्त श्रेष्ठी, त्यांची पत्नी ईश्वरी आणि चार मुलगे राहत होते. घरात पैसा होता, धान्य नव्हतं. एक लाख मोजून एका वेळेपुरते तांदूळ मिळाले. कॉमर्सच्या वर्गात मागणी आणि पुरवठ्याचे आलेख आम्ही खूप काढले, पण पुरवठा शून्यावर आला की लाखाची किंमत काय राहते, हे मला या गोष्टीने जास्त नीट समजावलं. ईश्वरीने तो भात शिजवला. त्यानंतर काही मिळणार नव्हतं. मुलांना एकेक करून भुकेने तडफडताना बघण्यापेक्षा सगळ्यांनी धर्माचं स्मरण करून एकत्रच जावं, असं घराने ठरवलं होतं. विष कालवायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात दारात मुनी आले.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबून विचार करा. घरातलं शेवटचं अन्न. सहा तोंडं. मनाची ती अवस्था. अशा वेळी दारावर आलेल्या माणसाला बघून आपण काय करू? ईश्वरीला मात्र दारात महाराजसाहेब दिसल्यावर आनंद झाला. निदान जाता जाता सुपात्रदान घडलं, असं तिला वाटलं. विष कालवायच्या आधी तिने मुनींना तो भात वहोरवला आणि घराचा निश्चयही सांगितला. भाताची किंमत ऐकताच वज्रसेनांना गुरूंचे शब्द आठवले. ते म्हणाले, विष घालू नका, उद्या सुकाळ आहे.

दुसऱ्या दिवशी बंदरात धान्याने भरलेली गलबतं लागली.

बंदराचं गाव म्हणजे काय, ते इथे कळतं. डोंगराआडच्या गावाला पावसाचीच वाट बघावी लागते. बंदराला समुद्रावरून कुठल्या तरी दूरच्या मुलुखाचं धान्य येऊ शकतं. ही गोष्ट सोपाऱ्यातच घडू शकत होती. आता गाळाने भरलेल्या त्या खाडीच्या बाजूला उभं राहिलं की हे डोळ्यांसमोर येतं, आणि मग तिथे काही बघायला नाही असं वाटत नाही.

पुढे जिनदत्त, ईश्वरी आणि चारही मुलांनी दीक्षा घेतली. मुलांची नावं नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर. या चौघांच्या नावाने श्वेतांबर परंपरेत चार कुळं झाली. मंत्री वस्तुपालांचे गुरू विजयसेनसूरी नागेंद्र कुळातले, तर आजचे तपागच्छ, खरतरगच्छ हे आपली परंपरा चंद्र कुळापर्यंत नेतात. म्हणजे त्या दिवशी भातात विष पडलं असतं, तर ही कुळं झालीच नसती.

ओळी करणाऱ्या आपल्यासारख्यांना सोपारा आणखी एका कारणाने ओळखीचा आहे. चैत्र-आश्विनात आयंबिलाच्या नऊ दिवसांत आपण श्रीपाल-मयणाची कथा ऐकतो. ठाण्याहून उज्जैनकडे निघालेला श्रीपाल वाटेत सोपाऱ्याला थांबतो. राजा महसेनाची मुलगी तिलकसुंदरी सर्पदंशाने गेली असं समजून तिला स्मशानात नेलेलं असतं, आणि नवपदांच्या प्रभावाने ती उठून बसते. बघा, या गावाच्या दोन्ही गोष्टींत मरण दाराशी येऊन परत जातं.

सोपाऱ्याहून आगाशी जवळच. तिथलं श्री मुनिसुव्रतस्वामींचं मंदिर मुंबईच्या शेठ मोतीशा यांनी बांधलं. भायखळ्याचं देरासर आणि शत्रुंजयावरची मोतीशा टूंक ज्यांची, तेच हे. जहाजांचा मोठा व्यापार करणारे. प्रतिमा सोपाऱ्याच्या तळ्यातून मिळाली असं तिथे श्रद्धेने सांगतात. शांत मंदिर आहे. आमची सकाळची पूजा घाईशिवाय झाली, मुंबईत हे सुख कुठे?

आगाशीची सुकेळी मात्र जरूर आणा. राजेळी केळी पिकल्यावर सोलून उन्हात वाळवतात, साखर घालायची गरज नसते. मधाच्या रंगाची, चिवट आणि गोड. प्रवासात, मुलांच्या डब्यात चालतात. घेताना ताजी बघून घ्या, आणि घरी आणल्यावर पावसाळ्याच्या आत संपवा, दमट हवेत बुरशी लवकर धरते.

वसईच्या किल्ल्याला अर्धा दिवस पुरतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांतल्या चर्चच्या उंच, छत नसलेल्या भिंती अजून उभ्या आहेत. सोपारा ओस पडत गेल्यावर त्याच किनाऱ्याचं महत्त्व वसईकडे गेलं, आणि वसईचं पुढे मुंबईकडे.

जाणाऱ्यांसाठी थोडं : थंडीत जा. पश्चिम रेल्वेने नालासोपारा किंवा विरारला उतरा, पुढे रिक्षा मिळते. स्तूप नालासोपारा पश्चिमेला आहे. जवळच्या चक्रेश्वर तळ्याकाठी जुनी कोरीव शिल्पं ठेवलेली आहेत, तीही बघा. चौविहार असेल तर सूर्यास्ताचा हिशोब आधी करा, किनाऱ्यावर वेळ कसा जातो कळत नाही.

आणि पुढच्या वेळी कोणाच्या दीक्षेला जाल तेव्हा कान देऊन ऐका. नवदीक्षितांचं नाव जाहीर करताना गुरुमहाराज कोटिक गण, वज्र शाखा आणि चांद्र कुळ असं म्हणतात. इतकी वर्षं आपण ते नुसतं ऐकत आलो. त्यातला वज्र म्हणजे ते वज्रस्वामी, आणि चंद्र म्हणजे सोपाऱ्याच्या ईश्वरीचा मुलगा, त्या दिवशी भाताच्या पातेल्याभोवती बसलेल्या चौघांपैकी एक.