“आईला सांगू नका, डॉक्टर”

स्मृतिभ्रंशाचं निदान बहुतेकदा घरच्यांना कळतं, रुग्णाला नाही. ही रीत काही आपल्याकडचीच नव्हे. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या एका मेमरी क्लिनिकने अल्झायमरच्या रुग्णांच्या १०० नातेवाइकांना विचारलं. निष्कर्ष १९९६ मध्ये छापून आले. ८३ जण म्हणाले, रुग्णाला सांगू नका. मुख्य भीती हीच, की तो खचेल. आणि उद्या हाच आजार तुम्हाला झाला तर? ७१ जणांना स्वतःचं निदान मात्र कळायला हवं होतं!

त्याआधी, ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून आपल्याला अल्झायमर झाल्याचं देशाला कळवलं होतं. हे जमलं, कारण त्यांना वेळेत सांगितलं गेलं. सुरुवातीला रुग्णाला बरंच समजत असतं. मृत्युपत्र, बँकेचे व्यवहार, पुढे कुणाजवळ राहायचं, हे तेव्हा त्यालाच विचारता येतं.