धोतरा, पोटातली कळ आणि वरंध्याखालचा विंचू

भोर तालुक्यात रायरेश्वर आणि बनेश्वर ही महादेवाची दोन मोठी ठाणी. महाशिवरात्रीला महादेवाला बेलाबरोबर धोतऱ्याचे फूल आणि काटेरी बोंडही वाहतात. देवाला चालणारे हे बोंड माणसाच्या पोटात जाऊ नये, हे खेड्यातल्या पोरांनाही ठाऊक असते. पण पोटात पीळ पडला की डॉक्टर जी गोळी लिहून देतात, तिचे कूळ शोधत गेले तर याच बोंडापाशी येऊन थांबावे लागते.

१५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरील ग्रंथात धोतऱ्यावर एक संवाद आहे. घरातल्या दासीने धोतरा चारून किल्ल्या आणि मालकिणीचे दागिने लांबवल्याची हकिगत त्यात येते. धोतरा खाल्लेला माणूस हसत सुटतो आणि चोराला अडवत नाही. चोराला हवा होता तो मेंदूवरचा परिणाम. वैद्यकाला पुढे हवा झाला तो आतड्यांवरचा. रसायने मात्र तीच.

आतड्याच्या स्नायूला आवळण्याचा निरोप अ‍ॅसिटिलकोलीन देते. धोतऱ्यातली अ‍ॅट्रोपिन आणि हायोसिन ही द्रव्ये तो निरोप वाटेतच अडवतात, म्हणून पीळ सुटतो. अडचण अशी की हाच निरोप लाळ, घाम, डोळ्याची बाहुली, मूत्राशय आणि हृदय यांनाही जातो. १८३१ मध्ये माइन या जर्मन औषधविक्रेत्याने बेलाडोनाच्या मुळांतून अ‍ॅट्रोपिन वेगळे केले. पुढची सव्वाशे वर्षे रसायनशास्त्रज्ञ एकच खटपट करत होते: आतडे तेवढे सैल व्हावे, बाकीचे शरीर शाबूत राहावे. १९५० मध्ये अमेरिकेत बाजारात आलेले डायसायक्लोमाइन हे त्यातलेच एक फळ. ते प्रयोगशाळेत घडवलेले आहे, पण काम धोतऱ्याचेच करते.

ही अडवणूक किती महाग पडू शकते, हे भोरहून वरंधा घाट उतरून महाडला गेले की कळते. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे येत: घामाने निथळणारी, लाळ गळणारी, उलट्या करणारी. ही लक्षणे पाहून अ‍ॅट्रोपिन टोचणे तर्काला धरूनच होते, आणि डॉक्टर ते टोचतही. पण खरा घात नंतर होई. विषाने रक्तवाहिन्या आवळत, हृदय थकून जाई आणि फुप्फुसांत पाणी भरे. अशा वेळी अ‍ॅट्रोपिन हृदयाचा उरलासुरला लगामही काढून घेते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्री काढून नोंदी केल्या, आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्राझोसिनचा उपाय मांडला. ही मुळात रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी; ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. नाडी फारच मंद असल्याखेरीज अ‍ॅट्रोपिन टाळावे, हा धडाही याच कामातून पक्का झाला. मोठ्या इस्पितळाऐवजी घाटाखालच्या आरोग्य केंद्रात हे सुचले, याचे मला फारसे नवल वाटत नाही. विंचू तिथे होते.

डायसायक्लोमाइन आज आतड्यातली कळ आणि पाळीतली पोटदुखी यांवर सर्रास दिले जाते, आणि योग्य रुग्णाला खरोखर आराम देते. पाकिटावर डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट असते. दुकानात ती किती पाळली जाते, हे वाचकांना सांगायला नको. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्याची लघवी त्याने अडू शकते आणि काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढू शकतो. मे महिन्याच्या उन्हात राबणाऱ्या बाईचा घाम आटून अंग तापू शकते. अपेंडिक्सची कळ दबली, तर निदानच लांबते. पाळीच्या गोळ्यांत त्याच्या जोडीला बहुधा मेफेनॅमिक अ‍ॅसिड असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने या जोडीदाराच्या एका दुर्मीळ पण गंभीर अ‍ॅलर्जीबद्दल इशारा दिला होता.

सगळ्यात नाजूक प्रश्न तान्ह्या बाळांचा. रात्री पोटशूळाने रडणाऱ्या बाळाला हे थेंब देण्याची चाल होती. श्वास थांबणे, झटके येणे, बेशुद्धी अशा नोंदी पुढे आल्या आणि सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी, तसेच अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी, हे औषध वर्ज्य ठरले. थेंबांची बाटली मात्र मोठ्या भावंडासाठी आणलेली घरातच असते, आणि रडणारे बाळ शेजारच्याच खोलीत.